सहा साड्या आणि एक पातेलं

माझ्या थोरल्या जावेचा कचरा मी एकोणीस वर्षं सांभाळला. हे वाक्य मी मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलंय की आता लिहिताना हात अडखळत नाही. ती पुण्यात राहते आणि आम्ही लोहाऱ्यापासून जीपनं वीस मिनिटांवर असलेल्या खेड्यात. वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, थोरल्या दिरांची गाडी आमच्या दारात थांबायची. डिकी उघडायची, आधी पिशव्या उतरायच्या आणि मग माणसं उतरायची.

पिशव्यांत काय असायचं ते सांगते. गळ्याशी ताणून लोंबलेले टी-शर्ट. चेन गेलेल्या जीनच्या पँटी. चकाकी गेलेल्या, अंगाला चिकटणाऱ्या साड्या. काळा मुलामा निघून आतलं पांढरं दिसणारा तवा, कान तुटलेले कप, झाकण नसलेले प्लॅस्टिकचे डबे आणि डबे नसलेली झाकणं. एकदा तर नखं रंगवायची अर्धी वापरलेली बाटली निघाली होती, आत रंग वाळून खडा झालेला. "अजून चांगलंय गं, टाकवत नाही," असं जाऊ म्हणायची. टाकवत तिला नाही आणि ठेवायचं मात्र मी. पिशवी हातात घेताना मी हसायचे, "असू द्या, उपयोगी पडतंय," असं म्हणायचे आणि आत जाऊन पिशवी माळ्यावर भिरकावायचे.

वापरलेली वस्तू पुन्हा वापरायची मला लाज वाटते असं कुणी समजू नये. माझ्या घरातून काही वाया जात असेल तर ते दाखवून द्यावं. तेलाची पिशवी रिकामी झाली की मी ती कात्रीनं उघडते, तिच्या आतल्या तेलावर दोन दिवस भाकरीचा तवा पुसते आणि मग ती धुऊन बियाणं ठेवायला घेते. तांदळाचं पाणी जनावराच्या घमेल्यात जातं. भाजीची देठं, सालं, चुलीतली राख, अंगणातला पालापाचोळा असं सगळं घरामागच्या उकिरड्यात जातं आणि उन्हाळ्यात त्याचं खत होऊन शेतात पडतं. मालकांचं धोतर विरलं की त्याचं दूध गाळायचं फडकं होतं, फडकं फाटलं की त्याच्या वाती होतात. पोरीच्या वह्यांची कोरी पानं मी दाभणानं शिवून पुढच्या वर्षाची कच्ची वही करायचे. हे मला कुणी शिकवलं नाही, आणि कुणी शिकवायला आलं तर मला राग येतो.

जावेच्या वस्तूंचं यातलं काहीच होत नव्हतं. ते कापड उकिरड्यात कुजत नाही. एकदा मी एक घागरा पुरून पाहिला, तर पुढच्या वर्षी खत भरताना तो फावड्याला जशाच्या तसा अडकून वर आला, वरच्या टिकल्यांसकट. जाळावं तर वितळून चुलीला चिकटतं आणि घरभर घाण वास सुटतो. म्हणजे पुण्यातलं एक घर स्वच्छ राहावं म्हणून आमचा माळा भरत चालला होता. पुढं तर जावेनं तिच्या सोसायटीत बायकांचा एक गट काढला. घरातला कचरा कसा कमी करायचा ते ती इतरांना समजावून सांगायला लागली. दिवाळीत माझ्या ओट्यावर बसून तिनं मला मोबाइलवर फोटो दाखवले. त्यांच्या घरात आता आठवड्याला एक छोटी बादलीच कचरा निघतो, असं ती अभिमानानं म्हणाली. मी भाकरी थापत होते. बाकीच्या बादल्या माझ्या डोक्यावरच्या माळ्यात आहेत, हे तोंडापर्यंत आलं होतं, पण मी भाकरी उलटली.

माझ्या पोरीचं एक सांगते, म्हणजे राग कुठून आला ते कळेल. ती नऊ वर्षांची असताना पिशवीतून एक फ्रॉक निघाला, निळा, खिशांचा. खरंच चांगला होता. पोरीला इतका आवडला की ती उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट बघत बसली, पुण्याची बहीण आली की घालायचा म्हणून. तिनं घातला. जावेच्या लेकीनं तो ओळखला, खिसा उलटा केला आणि गल्लीतल्या पोरींना आतला शाईचा डाग दाखवला. हा माझाच, पेन फुटला होता तेव्हाचा, असं ती सांगत होती. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, लेकरूच ते. पण माझ्या पोरीनं आत येऊन फ्रॉक काढला आणि पुन्हा कधी पिशवीकडं बघितलं नाही. त्या दिवसापासून मीही जावेला माफ केलं नाही.

त्या पिशव्यांना घरात हात लावणारं एकच माणूस होतं, आमच्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्यांना वाकळ शिवायचं वेड. जुन्या कपड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, वर-खाली मऊ सुती साडी लावायची आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं, तेव्हा कुठं महिन्या-दीड महिन्यानं एक वाकळ होते. गावातल्या किती बाळंतिणी त्यांच्या वाकळीवर झोपल्यात याचा हिशोब नाही. आता त्यांची नजर गेलीय. समोर माणूस उभं आहे एवढं कळतं, कोण आहे ते आवाजावरून ओळखतात. पण कापड मात्र हातानं ओळखतात. जावेची पिशवी आली की त्या एकेक कपडा गालाला लावून बघायच्या आणि बाजूला सारायच्या. "हे न्हाय चालत. ह्याला घाम जिरत न्हाय," म्हणायच्या. एकोणीस वर्षांत त्या पिशव्यांतून वाकळीला लागलेलं कापड एका हातात मावेल.

मागच्या वर्षी श्रावणात जावेची आई गेली. तिचं माहेर बार्शीकडच्या एका खेड्यात. बातमी आली तेव्हा मालक इथून आणि थोरले दीर पुण्याहून परस्पर गेले. मी गेले नाही. आत्याबाईंना एकटं कसं सोडायचं, असं कारण मी दिलं. शेजारची बाई दोन दिवस राहायला तयार होती, तरी मी तिला विचारलंच नाही. दहाव्यालाही गेले नाही. फोनवर दोन शब्द बोलले, तेही मालकांनी फोन हातात दिला म्हणून. मला त्या बाईच्या मरणाचं वाईट वाटलं नाही असं नाही. पण जावेचं सांत्वन करायला माझं तोंड उघडत नव्हतं, हे खरं आहे.

दिवाळीला ती आली तेव्हा वाळली होती.  पिशव्याही नेहमीच्या मानानं कमी होत्या, तीनच. रात्री जेवणं झाल्यावर ती आत्याबाईंच्या बाजेवर बसून बराच वेळ हळू आवाजात काही बोलत होती. मी भांडी घासत होते, मला ऐकू आलं नाही आणि मी कान दिला नाही. निघायच्या दिवशी गाडीत बसता बसता तिनं मला सांगितलं, की कापडी पिशवीत आहे ते वाकळीसाठी आहे, आत्याबाईंशी बोलणं झालंय. मी मान हलवली. दरवर्षी कपड्यांची प्रत्येक पिशवी ती वाकळीसाठी म्हणूनच द्यायची. गाडी वळणाआड गेली आणि मी ती पिशवी उपडी केली.

आत सहा साड्या होत्या. सुती, नऊवारी, बहुतेक पार विरलेल्या. एकीला पदराजवळ रफू, एकीला मधोमध ठिगळ, एक हिरवी तर धुऊन धुऊन कडेला पांढरी पडलेली. न धुतलेल्या, नुसत्या घडी करून कोंबलेल्या. माझं डोकंच फिरलं. आत्तापर्यंत निदान नव्या जमान्याचे कपडे तरी यायचे, आता म्हातारीची लक्तरं यायला लागली. आपल्याला ही बाई कुठल्या पायरीला बसवते बघा, असं मी मोठ्यानं म्हणाले. घरात आत्याबाईंशिवाय कुणी नव्हतं आणि त्या झोपल्या होत्या. नऊवारी सुती साडी जाऊ कधीच नेसत नाही, मग ह्या कुणाच्या, हा प्रश्न मला पडायला हवा होता. रागात असला प्रश्न पडत नाही.

त्याच वेळी माझ्या डोक्यात आलं की ह्या वेळी माळा भरायचा नाही, ह्या वेळी काहीतरी वसूल करायचं. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी भांडेवाली दिवाळीनंतर आमच्या गल्लीत हमखास येते, कारण तेव्हाच घराघरांतून जुने कपडे निघालेले असतात. तिला सुती कापड लागतं आणि स्वच्छ असलं तर ती चार शब्द कमी बोलते. मी सहाच्या सहा साड्या सोड्यात भिजवल्या, हौदावर आपटून धुतल्या, पाणी मळकट निघालं म्हणून गरम पाण्यात साबण टाकून पुन्हा धुतल्या. पत्र्यावर कडक उन्हात वाळवल्या आणि उशीखाली ठेवल्यासारख्या घड्या घातल्या. माळ्यावरच्या जीनच्या पँटीही काढल्या.

भांडेवाली तिसऱ्या दिवशी आली. उमरग्याकडची, बोलण्यात मध्येच कानडी शब्द टाकणारी, डोक्यावर भांड्यांची पाटी आणि खांद्यावर कपड्यांचं बोचकं. तिनं साड्या उजेडात धरल्या, ठिगळात बोट घालून बघितलं, एवढ्यावर डबाच मिळेल म्हणाली. मी पातेल्यावर अडून बसले. अर्धा तास आम्ही दोघी एकमेकींवर खेकसत होतो. शेवटी तिनं झाकणासकट पातेलं काढून माझ्यासमोर आपटलं. मी ते वाजवून घेतलं. जावेच्या वस्तूंतून माझ्या घरात आलेली ती पहिली कामाची वस्तू होती आणि मला फार समाधान वाटलं, हेही सांगितलं पाहिजे. संध्याकाळी त्याच पातेल्यात मी आमटी केली.

आत्याबाईंनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "मोठीनं आणलेल्या साड्या कुठं ठिवल्यास? उद्या ऊन पडलं की अंथरून बगू. येळवशीला न्यायला येणार हाय ती."

मी विचारलं, काय न्यायला. त्या म्हणाल्या, वाकळ. "तिच्या आईच्या साड्यांची. दुसरं काय मागितलंय तिनं मला आजवर?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. आमच्या भागात आई गेली की तिच्या नेसत्या साड्यांची वाकळ लेकीला देतात. ती वाकळ शिवायची माहेरच्या बाईनं. पण जावेच्या माहेरी आता शिवणारं कुणी उरलं नाही, भावजयीला सुई धरता येत नाही. म्हणून ती सासूकडं आली होती. भावानं बाकीच्या साड्या वाटून टाकल्या, ह्या सहा तिनं मागून आणल्या. त्या रात्री बाजेवर बसून ती हेच बोलत होती. आत्याबाई तिला म्हणाल्या होत्या की नजर नाही, पण हात आहेत, येळवशीपर्यंत शिवून देते.

मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. साड्या कुठं आहेत, असं त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी सांगितलं. आत्याबाई आयुष्यात मला कधी वाईट बोलल्या नाहीत, तेव्हाही बोलल्या नाहीत. त्यांनी वाटी हातानं चाचपून बाजूला सारली आणि भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या. मी आमटी उकिरड्यात ओतली. माझ्या हातून शिजलेलं अन्न फेकलं गेलं ते आयुष्यात त्या एका दिवशी.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या, दिवाळीनंतर दोन महिन्यांच्या आसपास येते. माझ्याकडं तेवढाच वेळ होता. भांडेवाली कुठं राहते ते कुणालाच माहीत नव्हतं. लोहाऱ्याच्या आठवडी बाजारात ती बसते असं एकीनं सांगितलं, म्हणून मी पातेलं घासून पिशवीत घातलं आणि जीपनं गेले. पहिल्या बाजाराला ती नव्हती. दुसऱ्या बाजाराला सापडली. मी पातेलं तिच्यासमोर ठेवलं आणि साड्या परत मागितल्या. ती माझ्याकडं अशी बघायला लागली जणू मी तिची पाटीच उचलायला आलेय. दिलेलं कापड परत मागणारी बाई तिनं आजवर बघितली नव्हती. ती म्हणाली, बाई, तुम्ही माझ्याशी अर्धा तास भांडून पातेलं घेतलंत, आता मी कुठून आणू. मीही तिला बोलले. लोक जमले. मग तिलाच काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं मला बाजूला घेतलं आणि त्या साड्यांचं पुढं काय होतं ते सांगितलं.

नेसण्याजोगं कापड ह्या भांडेवाल्या वेगळं काढतात आणि दुसऱ्या बाजारात विकतात. सहांपैकी दोन अशा गेल्या, कोणी घेतल्या ते तिला आठवत नव्हतं. विरलेलं सुती कापड एका ठोक घेणाऱ्याकडं जातं. तो त्याचे हातभर तुकडे करतो आणि गॅरेजवाल्यांना पुसायला देतो. सुती कापड तेल शोषून घेतं, म्हणून गॅरेजमध्ये त्यालाच मागणी. माझ्या उरलेल्या चार साड्यांचा गठ्ठा लोहाऱ्यातल्याच रस्त्यावरच्या एका ट्रॅक्टरच्या गॅरेजला गेला असणार, असं ती म्हणाली. पातेलं तिनं परत घेतलं नाही. तुमचं तुमच्याजवळ ठेवा म्हणाली.

गॅरेजपर्यंत मी चालत गेले. ट्रॅक्टरखाली एक माणूस आडवा पडून काम करत होता आणि त्याच्या छातीवर हिरवं फडकं पडलं होतं, कडेला पांढरं पडलेलं. मला ते लांबूनच कळलं. तो बाहेर आला, त्यानं त्या फडक्यानं दोन्ही हात कोपरापर्यंत पुसले आणि मला काय पाहिजे विचारलं. मी म्हणाले, हे फडकं. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मी रडायला लागले तेव्हा त्यानं मला खुर्ची दिली. एवढा वेळ मी सगळ्यांवर चिडतच आले होते, जावेवर, भांडेवालीवर, जीपवाल्यावरही. त्या खुर्चीवर बसल्यावर मात्र चिडायला दुसरं कुणी उरलं नाही.

त्याच्याकडं कोपऱ्यात चिंध्यांचं पोतं होतं. आम्ही दोघांनी ते जमिनीवर ओतलं. तीन साड्यांचे तुकडे होते, बहुतेक काळे झालेले, दोन-चार कोरे. पोत्याच्या तळाशी एक साडी अख्खी निघाली, बहुतेक ठोकवाल्याच्या कात्रीतून चुकलेली. पदराजवळ रफू असलेली. गॅरेजवाल्यानं बदल्यात काही घेतलं नाही. एवढंच म्हणाला, की मावशी, दुसरं फडकं आणून द्या, ह्याच्यासारखं मऊ मिळत नाही. मी त्याला पुढच्या बाजारी मालकांचं एक धोतर नेऊन दिलं.

आता माझ्या मनात जे आलं ते सांगायला नको वाटतं, पण सांगते. एका साडीत वाकळ होत नाही. पण वरच्या बाजूला ही एक अख्खी साडी लावायची आणि आत, खाली माझ्याच आईच्या दोन जुन्या साड्या आणि धोतरं घालायची. जावेला काय कळणार होतं? वरून आईची साडी दिसेल, रफूही दिसेल, ती खुशीत पुण्याला घेऊन जाईल. मी सगळं कापड आत्याबाईंच्या बाजेशेजारी अंथरलं, कडेनं टाचलं आणि त्यांच्या हातात ओवलेली सुई दिली. त्यांनी एकेक थर चाचपला. सगळ्यात वरची साडी दोन बोटांत धरली, मग खालची धरली, मग त्याच्या खालची.

"ह्या दोघी बहिणी न्हाईत," त्या म्हणाल्या. "कुणाचं हाय हे खालचं?"

मी खोटं बोलले. म्हणाले, त्यातलंच आहे, आत्याबाई.

"नजर गेलीय माजी, हात न्हाय गेला. पोरी, म्या तिला सबुद दिलाय. तिच्या आईच्या नावानं दुसऱ्याचं कापड म्या शिवणार न्हाय." त्यांनी सुई माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटवली. तू सांग तिला, असं म्हणाल्या. तूच सांगायचं.

येळवशीला सगळी शेतात गेलो. आमच्याकडं त्या दिवशी गावात कुणी राहत नाही. तुरीच्या कडेला कडब्याची खोपटासारखी कोप उभी केली होती, आत चुना लावलेल्या पाच दगडांचे पांडव मांडले होते, पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि ताकातली आंबील झाली होती. जाऊ सकाळीच पुण्याहून आली होती. ह्या वेळी तिच्या गाडीतून एकही पिशवी उतरली नाही. पूजा झाली, जेवणं झाली, पुरुष माणसं बांधाच्या पलीकडं हरभरा बघायला गेली. कोपीजवळ आम्ही तिघीच उरलो. जावेनं आत्याबाईंचे पाय दाबत विचारलं, वाकळ झाली का. आत्याबाईंनी माझ्या दिशेला तोंड केलं.

शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण मला ते जमलं नाही. माझी सुरुवात भांडणानंच झाली. एकोणीस वर्षांच्या पिशव्या मी तिच्यासमोर ओतल्या. तवा, कप, झाकणं, उकिरड्यातून वर आलेला घागरा, पोरीचा निळा फ्रॉक, खिशातला शाईचा डाग. तुम्ही आमच्या घराचा उकिरडा केलात, म्हणून मला त्या साड्याही कचराच वाटल्या, असं मी म्हणाले. आणि मग उरलेलं सांगितलं, भांडेवाली, पातेलं, गॅरेज. माझा आवाज चढलेलाच होता, पण शेवटी शेवटी तो मलाच ऐकू येईना.

 सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "एकदा तरी म्हणायचंस की, नको म्हणून. दर वेळेला हसून घेत होतीस. मला वाटायचं तुला लागतंय."

 मी कोपीत ठेवलेली पिशवी काढली आणि ती रफूची साडी तिच्या मांडीवर ठेवली. तिचा चेहरा क्षणभर उजळला. तिनं रफूवरून अंगठा फिरवला, हे मीच केलं होतं आठवीत असताना, असं आत्याबाईंना म्हणाली. मग तिनं साडीची एक घडी उलगडली, दोन्ही हातांनी चेहऱ्यावर धरली आणि लांब श्वास घेतला. परत घेतला. घडी बदलून तिसऱ्यांदा घेतला.

"धुतलीस व्हय गं?" तिनं विचारलं. पुण्याची भाषा बोलणारी माझी जाऊ त्या वेळी तिच्या माहेरच्या बोलीत बोलत होती.

मी व्हय म्हणाले. दोनदा, म्हणाले.

तिनं साडीची होती तशी घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"मग घाल आता कुठल्याबी वाकळीत," ती म्हणाली. "आता कापडच हाय नुसतं."

ती उठून बांधाकडं चालायला लागली. आत्याबाई मला विचारत होत्या की ती कुठं गेली, आणि मी साडी मांडीवर घेऊन बसले होते. साडी अजून माझ्याकडं आहे. वाकळीत घालायची माझी हिंमत झाली नाही आणि तिनं ती पुन्हा मागितली नाही.